पाठीवरची काजळी

मी एक जुनी बिडाची लादी आहे. मित्रांनो, फ्रान्सच्या लॉरेन प्रांतातल्या एका सरदार घराण्याच्या स्वयंपाकघरात, चुलीमागची भिंत तडकू नये म्हणून मला उभं केलं. माझ्या तोंडावर त्या ब्रेझी घराण्याचं कुलचिन्ह होतं: ढाल, तिच्यावर तीन चंडोल आणि वर मुकुट. ओताऱ्यानं वाळूच्या साच्यात मला ओतलं, तेव्हा एका चंडोलाची चोच राहूनच गेली. तरी ऐंशी वर्षं मी तोऱ्यात होते. स्वयंपाकीण पेरीन दर शनिवारी मला घासून लख्ख करायची.

मग क्रांती झाली, राजा गेला. ज्या घरात कुलचिन्ह सापडेल ते घर जप्त, असा हुकूम निघाला. दारावरचं चिन्ह छिन्नीनं उडवलं, चांदीचे चमचे वितळवले. घरात उरल्या होत्या एकट्या म्हाताऱ्या मालकीणबाई, पाय गेलेल्या. भर हिवाळ्यात त्यांना कुठे न्यायचं? गवंड्यानं मला उपटून माझं तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या गडबडीत एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. माझ्या पाठीनं कधी धूर पाहिलाच नव्हता. ती चुन्यानं पांढरी होती.

सकाळी पेरीनला ते दिसलं, तेव्हा तपासनीस थिरियाँ फाटकाशी आला होता. तिनं ओली लाकडं पेटवली, जळतं फडकं माझ्या पाठीवर फिरवलं. तिची बोटं भाजली आणि पाठ जेमतेम करडी झाली. मी भीतीनं गारठून गेले.

थिरियाँ एकेकाळी धुराडी साफ करायचा. तो थेट चुलीपुढे बसला.

"बाई, लादी किती जुनी?"

"माझ्यापेक्षा म्हातारी आहे, साहेब."

"साहेब संपले. आता नागरिक म्हणायचं."

"जिभेला सवय झालीय, नागरिक. सूप घेता का? कोबीचं आहे."

"सूप राहू दे. म्हातारी म्हणतेस, मग हिचं अंग इतकं कोवळं कसं?"

त्यानं सळईनं मला खरवडलं. चुन्याची खपली निखाऱ्यात पडली. आतल्या खोलीत मालकीणबाई खोकल्या. थिरियाँनं तिकडे पाहिलं, मग पेरीनच्या फोड आलेल्या बोटांकडे.

"ओल्या लाकडानं काय होणार?" तो हळूच म्हणाला. "डुकराची चरबी टाक विस्तवात, काजळी लगेच धरते. उद्या माझ्याबरोबर दुसरा माणूस येणार आहे."

कागदावर त्यानं लिहिलं, काही आढळलं नाही.

मित्रांनो, माझं तोंड अजून भिंतीकडेच आहे. मुकुटाची मिजास केव्हाच उतरली. मला ओल लागू देऊ नका, अधूनमधून तेलाचा हात फिरवा. पण ही चरबीची काजळी मात्र कुणी घासू नका. पेरीन आणि थिरियाँची एवढीच खूण या घरात उरली आहे.