परदेशी पाटीचा अ‍ॅम्प

मोहिउद्दीनने डावा हात पॅण्टच्या खिशात घातला आणि उजव्या हाताने गिटारच्या जुन्या अ‍ॅम्पच्या मागचा पत्रा काढून बाजूला ठेवला.

"खिशात हात का, चाचा?" मृणालीने विचारलं.

"एकच हात आत असला तर झटका हातावरच राहतो. दोन असले की छातीतून जातो." त्याने रेझिस्टर जोडलेली वायर कपॅसिटरच्या टोकांना लावून धरली आणि मनात वीसपर्यंत आकडे मोजले. "आठ वर्षं बंद हाय, असं हा सांगतो. पण आपण इश्वास ठेवायचा न्हाय."

"माझ्यावर का मशीनवर?" सोफ्यावरून केसरीनाथ हसला.

"दोघांवर."

केसरीनाथच्या बंगल्यासमोरून कंटेनरचा ट्रक गेला तशा खिडकीच्या काचा थरथरल्या. भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या त्याच्या भाताच्या जमिनीवर आता तीन गोदामं उभी होती. त्याआधी, विशी-तिशीत, तो मुंबईच्या एका जॅझ-फ्यूजन बॅण्डमध्ये बेस गिटार वाजवायचा. मृणाली स्वतः बेस वाजवायची आणि पुण्यात छोट्या वर्कशॉपमध्ये अ‍ॅम्प बनवायची. त्या बॅण्डच्या एका कार्यक्रमाची जुनी कॅसेट तिला मिळाली होती. त्यातला बेसचा आवाज ऐकून ती शोधत शोधत इथवर आली होती.

"पुण्याची पोरगी अ‍ॅम्पच्या आतलं काहीबाही इचारील, तू ये," असा केसरीनाथचा फोन आला, तेव्हा मोहिउद्दीनने इस्त्रीचा शर्ट अंगात घातला होता.

"कुणाच्या लग्नाला निघालात?" त्याच्या बायकोने, तय्यबाने, विचारलं होतं.

"केसरीकडे. आज तो सांगेल."

"चाळीस वर्षं त्याची जीभ वळली न्हाय. ती आज वळणार?"

तो चपला घालून निघाला होता. त्या काळी बॅण्डमधल्या लोकांना परदेशी अ‍ॅम्पच चालायचा. केसरीनाथकडे तेवढी ऐपत नव्हती. म्हणून भिवंडीच्या नारपोलीत कापडाच्या लूमची वायरिंग करणाऱ्या मोहिउद्दीनने सात महिने रविवार-रविवार बसून हा अ‍ॅम्प बनवला. जुन्या रेडिओंचे व्हॉल्व्ह भंगारातून आणले, ट्रान्सफॉर्मर हाताने गुंडाळला. शेवटी एका परदेशी कंपनीची पाटी दोन स्क्रूंनी समोर लावली, तीही त्यानेच. "एकदा नाव झालं ना, मग सगल्यांना सांगीन कोणी बनवला त्यो," असं केसरीनाथ त्या वेळी म्हणाला होता. नाव झालं. मोहिउद्दीन कार्यक्रमांना अ‍ॅम्पमागे बसायचा, आणि बॅण्डवाले त्याला केसरीचा हमाल म्हणायचे.

मृणालीने टॉर्च आत धरला. तिने एकेक जोड निरखला. मग तिने बोटाने ट्रान्सफॉर्मरजवळच्या तारा दाखवल्या.

"हे काय बांधलंय?"

"सूत," मोहिउद्दीन म्हणाला. "ताण्याचं, लूमवरचं उभं. खळ लावलेलं असतं, म्हणून सैल पडत न्हाय."

"आणि ही गाठ?"

"लूमवर धागा तुटला की मारतात ती."

ती टाचांवर बसली आणि केसरीनाथकडे वळली. "काका, हा त्या कंपनीचा नाहीच. हा इथे, भिवंडीत बनलाय."

केसरीनाथने चहाचा कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"वाईट नाही वाटलं मला," ती घाईने म्हणाली. "उलट त्या कंपनीचे शेकडो आहेत. हा एकच आहे. मला असे सहा बनवायचेत, आणि पाटीवर ज्याने हा बनवला त्याचं नाव घालायचंय. कोणी बनवला?"

मोहिउद्दीनने खिशातला हात बाहेर काढला. शर्टाची कॉलर एका बाजूने वळली होती, ती सरळ केली.

"मी," केसरीनाथ म्हणाला.

मग त्याचा आवाज मोकळा झाला. "मीच बनवला. परदेशी म्हणून सांगावं लागायचं तवा, काय करनार? हा मोहिद होता ना हाताखाली. काय रं? नारपोलीला बसायचो, आठवतंय?" त्याने पुढे वाकून मोहिउद्दीनच्या खांद्यावर थाप मारली.

"आठवतंय," मोहिउद्दीन म्हणाला.

मृणालीने वही उघडली. "बाकी सगळं मोजता येईल. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचे, म्हणजे पहिल्या गुंडाळीचे, वेढे तेवढे सांगा. ते मोजायला तार उलगडावी लागेल, आणि मग हा संपला."

केसरीनाथने मोहिउद्दीनकडे पाहिलं. मोहिउद्दीन स्क्रूड्रायव्हरचं टोक फडक्याने पुसत होता. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं.

"बाराशे," केसरीनाथ म्हणाला.

पहिल्या खेपेला मोहिउद्दीनने तेराशे गुंडाळले होते. गिटारच्या वरच्या तारा छान बोलल्या, पण सर्वांत खालची तार वाजली ती रिकाम्या डब्यावर बोट आपटल्यासारखी. त्याने ट्रान्सफॉर्मरची सगळी तार उलगडली. दुसऱ्या खेपेला एकवीसशे साठ वेढे झाले तेव्हा उजव्या अंगठ्याची कातडी सोलली होती, आणि खालचा सूर खोलीच्या फरशीतून तळपायांना जाणवला होता. केसरीनाथ तेव्हा खाटेवर बसून शेंगदाणे खात होता.

मृणालीने आकडा लिहिला आणि पेन तिथेच थांबवलं. "कमी वाटतात. एवढ्या वेढ्यांवर खालचे सूर इतके भरीव यायला नकोत. चाचा, तुम्ही होतात ना तिथे? बाराशेच?"

केसरीनाथ फरशीकडे पाहत होता. इतका वेळ हलणारा त्याचा पाय थांबला होता.

"ज्यानं बनवला त्यालाच ठाऊक, बेटा," मोहिउद्दीन म्हणाला. "मी हाताखाली होतो."

"मग नक्की बाराशे?"

"तो सांगतो ना. लिही."

तिने आकड्याखाली रेघ मारली. केसरीनाथने श्वास सोडला आणि आत सुनेला आवाज दिला, "उन्नती, च्या गरम आन गं परत." मोहिउद्दीन पत्रा जागेवर लावून स्क्रू पिळू लागला.

"काका, पाटीसाठी पूर्ण नाव?"

"केसरीनाथ लडकू भोईर." त्याने तिला लिहिता यावं म्हणून सावकाश सांगितलं.

शेवटचा स्क्रू घट्ट करून मोहिउद्दीन गुडघ्यावर हात टेकत उठला. तिच्या खांद्यावरून त्याने वहीत डोकावून पाहिलं.

"नाव मोठं घाल," तो म्हणाला. "लांबून वाचता आलं पाहिजे."