शिट्टीतली रिकामी जागा

तुम्ही शिट्टी फुंकता तेव्हा तुमचा श्वास एका चपट्या बोगद्यातून आत शिरतो. तो बोगदा माझा. मी बोलतोय तो शिट्टीच्या साच्यातला साइड कोअर. मुठीत मावेल एवढा पोलादी ठोकळा आणि पुढे करंगळीच्या नखाएवढी रुंद, पातळ जीभ. जिथे माझी जीभ असते तिथे प्लास्टिक शिरत नाही. मी मागे सरलो की तिथे जागा उरते. साच्यातल्या बाकीच्यांनी केलेलं हातात धरता येतं, मी केलेलं नुसतं फुंकता येतं.

माझा जन्म अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात झाला. मला अंबादासभाऊंनी घडवलं. विक्रोळीला राहणारे, साठीला आलेले, साचे बनवण्यात उभा जन्म गेलेला माणूस. त्यांनी मला कापलं, भट्टीत घालून कडक केलं, मग दगडावर घासून माझी जीभ इतकी गुळगुळीत केली की तिच्यात त्यांना स्वतःचा चष्मा दिसायचा. नंतर मला निळा रंग फासून माझ्या खाचेत बसवायचे आणि बाहेर काढायचे. जिथे रंग पुसला गेला असेल तिथे किंचित घासायचे, पुन्हा बसवायचे. तीन दिवस हेच चाललं होतं.

मशीन चालवणारा नितेश हसायचा. "भाऊ, शिट्टी आहे ती. विमान नाही उडवायचं."

"फट राहिली तर प्लास्टिक त्यात घुसतं," अंबादासभाऊ मान वर न करता म्हणायचे. "केसाएवढी पापडी बोगद्यात आली की शिट्टी मुकी. मग बस फुंकत."

आता माझं काम कसं चालतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

साच्याचे दोन भाग असतात. एक मशीनला पक्का बसवलेला, दुसरा पुढे-मागे सरकणारा. मी सरकत्या भागावर, एका आडव्या खाचेत राहतो. पक्क्या भागातून एक तिरकी पिन माझ्या दिशेने आलेली असते आणि माझ्या अंगात तसंच तिरकं भोक आहे. साचा मिटायला लागला की पिन भोकात शिरते. तिची चाल सरळ, पण अंग तिरकं. म्हणून ती जसजशी खोल जाते तसतसा मी बाजूने आत सरकतो. साचा पूर्ण मिटला की माझ्या पाठीशी एक पाचर येऊन बसते. मग वितळलेलं प्लास्टिक येतं. त्याचा रेटा असा की ती पाचर नसती तर मी कधीच मागे फेकला गेलो असतो. प्लास्टिक थंड होऊन घट्ट झालं की साचा उघडतो, आणि ज्या पिनेने मला आत आणलं तीच मला बाहेर ओढते. मी निघालो की मागच्या बारीक दांड्या शिट्टीला ढकलून खाली पाडतात. मी आधी निघालो नाही तर शिट्टी फाटेल.

मला हलवायला वेगळी मोटर नाही की तार नाही. कोणीतरी एक दांडी तिरकी उभी केली आणि मशीनच्या सरळ चालीतून माझी आडवी चाल निघाली. हे पहिल्यांदा कोणाला सुचलं असेल? मी लाखो वेळा सरकलो असेन, पण माझं नवल अजून सरलेलं नाही.

एक गोष्ट मात्र सांभाळावी लागते. साचा उघडल्यावर पिन माझ्यातून पूर्ण निघून जाते. तेव्हा मी बाहेर आलो तिथेच थांबायला हवं, तरच पुढच्या वेळी पिनेला माझं भोक बरोबर समोर सापडतं. त्यासाठी माझ्या पोटाखाली स्प्रिंगवर एक छोटी गोळी बसवली आहे. मी बाहेर आलो की ती माझ्या खळग्यात बसते आणि टक् असा आवाज येतो. मी ती जागा सोडली तर पिन भोकात जाणार नाही, माझ्या कपाळावर आदळेल.

हा टक् आवाज सगळ्यात आधी प्रेमाताईच्या कानात बसला. प्रेमाताई दिंडोशीची, मूळची मालवणकडची. अकरा वर्षं ती याच गाळ्यात टेबलावर बसून शिट्ट्यांना झाकणं लावायची. अंबादासभाऊंनी शब्द टाकला म्हणून गाळ्याचे मालक चंद्रप्रकाशशेठनी तिला मशीनवर घेतलं. शेठ म्हणाले, "दसऱ्यापर्यंत बघतो. जमलं तर मशीन तुझं. नाही तर टेबल आहेच."

तिने बटणांचा क्रम वहीत लिहून पाठ केला. माझ्या खाचेला रोज बोटाने ग्रीस लावायची. घाई नितेशला असायची, हिला नाही. फक्त एक काम ती करत नसे. दर पाळीची पहिली शिट्टी फुंकून बघायची असते, ती नितेशच्या हातात द्यायची.

"फुंक ना तू. वाघ आहे काय आत?" नितेश म्हणायचा.

"आई सांगायची, बाईमाणसान शीळ घालूची नाय."

"शीळ वेगळी, शिट्टी वेगळी, प्रेमाताई."

"तू फुंक रे गपचूप."

मग खंडेनवमी आली. गाळ्यातली मशीनं धुऊन पुसून पूजेला मांडली. अंबादासभाऊ आदल्या दिवशीच दीक्षाभूमीला नागपूरला निघाले होते. जाताना त्यांनी साचा उघडा ठेवून मला स्वच्छ पुसलं होतं. प्रेमाताईने हळद-कुंकू आणलं, झेंडूचा हार केला. माझ्या कपाळावर तिने बोट टेकवलं. एवढ्या वर्षांत मला तेल, ग्रीस, निळा रंग सगळं लागलं होतं, कुंकू पहिल्यांदाच लागलं.

नितेश मोबाइल घेऊन फोटो काढत होता. "प्रेमाताई, तुझा तो लाडका बघ. सगळे गप बसलेत, हाच दात काढून उभा आहे."

तिने पाहिलं. हाराच्या खालून मी एकटाच बाहेर आलो होतो. तिने अंगठ्याने मला दाबलं. गोळी सुटली, मी सरकून आत गेलो. तिने हार सारखा केला आणि हात जोडले.

तिच्या हातात माया होती. मी ओरडू शकलो असतो तरी कोणत्या तोंडाने ओरडलो असतो?

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन तापवलं. अंबादासभाऊ गाडीतून उतरून थेट कामावर आले होते, कोपऱ्यात बसून चहा पीत होते. शेठही लवकर आले, कारण आज प्रेमाताईचं काय ते ठरवायचं होतं. तिने मशीनचं दार सरकवलं, बटण दाबलं. साचा मिटायला लागला.

पिन आली. नेहमीसारखी सरळ आली. समोर भोक नव्हतं, मी होतो.

आवाज फार मोठा नव्हता. पिन पोचायच्या आधीपासून साचा हळू आणि हलक्या जोराने मिटावा, असं अंबादासभाऊंनी मशीनला लावून ठेवलं होतं. तरी पोलादावर पोलाद लागलं. प्रेमाताईची मूठ लाल बटणावर पडली आणि सगळं थांबलं.

साचा उघडला. माझ्या कपाळावर कुंकवाच्या जागी एक चीर पडली होती.

"गोळी सैल बसवली असणार," नितेश म्हणाला. "हा आपोआप आत सरकला."

शेठनी अंबादासभाऊंकडे पाहिलं. "भाऊ, म्हणूनच मी म्हणत होतो, साचे आता बाहेरून करून घेऊ. तुम्ही थकलात."

अंबादासभाऊंनी मला बाहेर ओढलं. टक्. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. टक्. गोळी घट्ट होती. त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. "धरतेय तर," ते हळू म्हणाले. "पण सुटली असेल कधी. हात पूर्वीसारखा राहिला नाही."

प्रेमाताई माझ्याकडे बघत होती. ती गप्प राहिली असती तर मशीन तिचं होतं. मी तर काही सांगणार नव्हतो.

"भाऊंचा हात नाही," ती म्हणाली. "मी ढकलला त्याला. पूजेच्या दिवशी. फोटोत बरा दिसावा म्हणून."

नितेशने मोबाइल काढला, दोनदा बोट फिरवलं आणि फोटो शेठपुढे धरला. फोटोत हार होता आणि मी दिसत नव्हतो. "दात काढतोय असं मीच म्हटलं होतं," तो म्हणाला.

शेठ काही बोलायच्या आत अंबादासभाऊ उठले. "चूक तिचीच आहे. पण हा का बाहेर उभा असतो, ते मी तिला कुठे सांगितलं? नुसती बटणं शिकवली."

त्यांनी टेबलावरचं खोडरबर घेतलं, त्याला पेन्सिलीने तिरकं भोक पाडलं आणि ते दोन खोक्यांच्या फटीत ठेवलं. "पेन्सिल अशीच तिरकी धर. आता सरळ खाली ने. वाकवायची नाही."

प्रेमाताईने पेन्सिल खाली नेली. खोडरबर बाजूला सरकलं. वर घेतली, परत आलं. पुन्हा खाली, पुन्हा वर. किती वेळा केलं कोण जाणे.

"मी तर सरळच नेते," ती म्हणाली. "हा आडवा कसा जातो?"

"चाळीस वर्षं बघतोय मी. मलाही अजून बघत राहावंसं वाटतं. आता पेन्सिल पूर्ण काढ. रबर थोडं हलव. आणि घाल बघू भोकात."

पेन्सिलीचं टोक रबरावर अडलं. प्रेमाताईने माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि डोळे पुसले.

अंबादासभाऊंनी चिरेची उठलेली कड घासून सारखी केली. पिन वाकली नव्हती. पण माझी जीभ? तिच्या कडेला केसाएवढा टवका उडाला असता तर शिट्टी मुकी होणार होती, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. मला बाहेर ओढून साचा मिटवला. प्लास्टिक आलं. मी पाचरेला पाठ टेकून उभा राहिलो, मग पिनेने मला ओढलं. टक्. शिट्टी खाली पडली.

प्रेमाताईने झाकण लावलं आणि सवयीने नितेशकडे हात केला. नितेशने हात मागे घेतला. "आज तुझी तू फुंक."

तिने पदर सावरला, शिट्टी ओठांना लावली. आधी नुसती हवा गेली. मग तिने छाती भरून घेतली. बाजूच्या गाळ्यातले दोघे दारात येऊन उभे राहिले एवढी ती वाजली.

माझ्या मागे सरण्याने उरलेल्या त्या एवढ्याशा जागेतून एका बाईचा श्वास गेला आणि त्याचा आवाज झाला. मी पोलाद आहे, मला भरून येत नाही. तरी त्या दिवशी काहीतरी झालं.

शेठ दारापर्यंत गेले, मग वळले. "उद्या सकाळची पाळी तुझीच ना?"

"हो."

"वेळेवर ये. आणि भाऊ, पुढचा साचा कधी घेताय हातात?"

आता तिसरी खंडेनवमी झाली. चीर अजून आहे, प्रेमाताई कुंकू तिच्यावरच लावते. यंदाच्या फोटोत सगळे नीट बसलेत आणि हाराच्या खालून मी एकटा बाहेर आलोय. माझ्या शेजारी साच्याला तिने तिच्या अक्षरातली एक चिठ्ठी चिकटवली आहे. माझं मागणंही तेवढंच आहे, म्हणून तिच्याच शब्दांत सांगतो:

"हा बाहेरच बरा दिसतो. याला आत ढकलू नये. पिन येऊन नेईल."