बसणाऱ्याचं वजन

मागचे दोन्ही शॉकअप वरच्या बोल्टांत अडकले आणि विशालला गावच्या, अकलोलीच्या गरम कुंडात उतरल्यासारखं हलकं वाटलं. २००५ पासून तो आणि कुणाल मानकोलीच्या गॅरेजात या जुन्या रेसच्या गाडीमागे हात धुऊन लागले होते. भिवंडीच्या एका बंद लूमच्या शेडमध्ये, सुताच्या कचऱ्याखाली ती सापडली, तेव्हा कुणालने वज्रेश्वरीची शपथ घेतली होती, की शर्यतीत गाडी विशालच चालवणार. कुणालच्या बापाच्या शेतांवर गोदामं उभी होती. विशालकडे ही एक शपथ होती आणि तेवढ्यावर स्वारी खूश होती.

शॉकअप बसवायचा एक नेम असतो. गाडी जॅकवर असताना खालचा बोल्ट आवळायचा नाही, नाहीतर आतलं रबर पिळवटून फाटतं. गाडी चाकांवर उतरवायची, जो चालवणार त्याला सीटवर बसवायचं आणि त्याच्या वजनाने ती दबली की मगच खालून पाना फिरवायचा. म्हणून तर विशाल आज धुतलेला शर्ट घालून आला होता. कुणाल गाडीखालच्या खड्ड्यात उतरेल, आपण वर बसू, हे तो धरूनच चालला होता.

कुणालबरोबर भाविक आला होता, करिष्माचा भाऊ. करिष्माशी कुणालचा नुकताच साखरपुडा झाला होता. होणारा मेहुणा गाडी बघायला आला असेल, असं समजून विशालने त्याच्यासाठी चहासुद्धा मागवला. भोळा सांब, दुसरं काय!

गाडी चाकांवर आली. विशालने हात पुसले आणि तो सीटकडे वळला.

"भाविक, तू बस," कुणाल म्हणाला. मग विशालकडे न बघता, "रेसला तोच चालवनार हाय. सासरचा शब्द मोडवत न्हाय."

"आन् देवीची शपथ?"

कुणालने नुसता पाना पुढे केला. "बोल्ट तूच कस. दुसऱ्या कोनाच्या हातावर माजा भरोसा न्हाय."

विशालच्या अंगाची लाही लाही झाली. ज्याच्या जिवावर उड्या मारल्या, त्यानेच केसाने गळा कापला होता. पाना तिथेच टाकून निघून जावं असं वाटलं, पण सैल बोल्ट मागे सोडून जाणं त्याला जमेना. तो खड्ड्यात उतरला. वर भाविक बसला, गाडी बोटभर दबली. विशालने दोन्ही बोल्ट नेमाप्रमाणे कसले. शर्टाला ग्रीस लागलं.

वर येऊन त्याने पाना कुणालच्या हातात ठेवला.

"भाविकच्या वजनावर कसलंय," तो म्हणाला. "आता उद्या पस्तावलास तरी मला बसवू नको."