हळदीचा कौल

हरणीच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती. चैतन्यनाथ महाराज लग्नाळू मुलींच्या तळहाताला हळद फासत आणि वर पळीभर तीर्थ सोडत. हळद कुंकवासारखी लाल झाली की देवीचा होकार, पिवळीच राहिली की नकार. हात लाल झाला की बायका टाळ्या पिटत आणि मुलीची आई तिथेच डोळे पुसू लागे.

दांडिया बाजारातल्या नलिनीबाई लेकीला, निरुपमाला, घेऊन आल्या होत्या. शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या निरुपमानं आपलं माणूस आपणच शोधलं होतं. उन्मेष कोयलीच्या रिफायनरीत होता, घटस्फोटित, पण स्वभावानं सरळ. संध्याकाळी त्याला उत्तर द्यायचं होतं. त्याच्या घरच्यांनी दुसरं स्थळ तिच्या उत्तरासाठी थांबवून ठेवलं होतं.

"नवरा स्वतः शोधलास? मग देवीनं काय माळा ओवत बसायचं?" महाराज डोळे मिटून हसले. "प्रयत्न म्हणजे अविश्वास, बेटा. श्रद्धा ठेवून घरी बस, नवरा पत्ता विचारत दारात येईल."

तीर्थ पडलं, हात पिवळाच राहिला. आठवडाभर रोज हीच हळद लावायची आणि साबणाला शिवायचं नाही, असा हुकूम झाला. निरुपमाला उन्मेष मनापासून हवा होता, पण रडणाऱ्या आईपुढे ती नमली आणि त्याला नाही म्हणाली.

आठवडा संपायच्या आतच तिनं विसरून कपड्यांचा साबण हातात घेतला. तळहात लालभडक झाला.

"निरू, देवी पावली गं!" नलिनीबाईंनी हातच जोडले.

"आई, हा साबण आहे. हळदीत चुना पडला की कुंकू होतं, तसंच हे. मी हे दरवर्षी सातवीला शिकवते." तिला स्वतःचीच शरम वाटली. "त्या महाराजाकडे दोन भांडी असणार. एकात चुन्याची निवळी, एकात साधं पाणी. पण मला पाणीच का दिलं?"

नलिनीबाई खाली बघत म्हणाल्या, "रांगेत महाराजांची एक सेवेकरी ताई गोड बोलून विचारत होती. घटस्फोटवाला आमच्या मनात नाही, असं मी बोलून गेले."

निरुपमानं उन्मेषला फोन लावला. त्याचा आदल्या दिवशीच साखरपुडा झाला होता. "तू विचार करून सांगितलंस असं वाटलं मला," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी ती चुन्याची निवळी घेऊन हॉलमध्ये गेली. नुकताच नकाराचा कौल मिळालेल्या एका मुलीच्या पिवळ्या हातावर तिनं सगळ्यांदेखत चार थेंब टाकले. हात लाल झाला. महाराजांनी भांडी झाकली.

"बेन, श्रद्धा न होय तो घेर जाओ," मागून कुणीतरी गुजरातीत तिला घरी जायला सांगितलं आणि चारजणींनी माना डोलावल्या.

"जाते," निरुपमा म्हणाली. "पण हळदीला काय विचारता? तिला कळतो तो फक्त चुना. कोण हवं, कोण नको, ते मुलीला विचारा. उशीर व्हायच्या आत विचारा."

त्या मुलीनं आईकडे पाहिलं. आईनं तिचा हात पदरानं खसाखसा पुसला आणि तिला घेऊन ती पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.