मानाची किक

"नाही म्हणजे नाही," सेल्सोने सिद्राचा, सफरचंदाच्या दारूचा, ग्लास बारच्या फळीवर आपटला. "मी अजून मेलेलो नाही."

"मेला नाहीस म्हणून तर देतोय," लाउदेलिनो म्हणाला. "मेल्यावर किक कोण मारणार?"

लाउदेलिनो हा वाल्दोरिगा गावच्या फुटबॉल क्लबाचा अध्यक्ष आणि सेल्सोचा शाळेपासूनचा मित्र. म्हणूनच हे नकोसं काम त्याच्या गळ्यात पडलं होतं. रविवारी हंगामातला शेवटचा सामना. त्याआधी क्लबाच्या एखाद्या जुन्या माणसाला मैदानाच्या मध्यावर बोलवायचं, त्याने चेंडू पायाने हलकेच ढकलायचा, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, फोटो काढायचा. ही मानाची किक. ऐकायला छान. पण ती ज्याला मिळाली तो माणूस पुढे क्लबात दिसला तो फक्त भिंतीवरच्या फोटोत. थोडक्यात, गोड बोलून दिलेला नारळ.

"माझ्या जागी प्रशिक्षक म्हणून कोण येतोय?"

"ओविएदो शहरातला एकजण. चांगला आहे रे पोरगा." लाउदेलिनोने नजर खाली वळवली. "तुझा खुबा बघ, सेल्सो. तू सरावाला पायऱ्या चढून येईपर्यंत पोरांचा घाम वाळतो."

खोटं काहीच नव्हतं त्यात.

तो खाणकामगाराचा मुलगा. उजव्या बाजूचा विंगर. मैदानाच्या कडेच्या रेघेला इतका चिकटून पळायचा की सामना संपला की बुटांना चुना लागलेला असायचा. त्या पायांनी त्याला खिखोनच्या मोठ्या क्लबात नेलं, तिथून थेट पहिल्या श्रेणीत. एक हंगाम त्याने भल्याभल्या बचावपटूंना नाचवलं आणि मग गुडघा गेला. दुसरा कोणी असता तर उरलेला जन्म त्या एका हंगामाच्या बढाया मारण्यात घालवला असता. सेल्सो गावी परतला आणि पोरांना शिकवायला लागला. पुढे खाण बंद पडली, निम्मं गाव उठून गेलं, तरी दर रविवारी वाल्दोरिगाची अकरा पोरं मैदानात उतरत राहिली, ती या माणसामुळे. गावाला त्याचा केवढा अभिमान होता! फक्त तसं तोंडावर बोलायची तिथे पद्धत नव्हती.

तोंडावर बोलायचा तो अवेलिनो. खाणीतून निवृत्त झालेला हा म्हातारा कठड्याला टेकून सेल्सोला शिव्या घालायचा. सेल्सो गावच्या संघात खेळत होता तेव्हा मध्यंतरात संघांच्या बाजू बदलल्या की अवेलिनो सगळ्या मैदानाला वळसा घालून पलीकडच्या कठड्याशी जायचा. विंगर तिकडे गेला तर शिव्या इकडे कोणाला द्यायच्या? सेल्सो प्रशिक्षक झाला तेव्हा अवेलिनोने राखीव बाकामागची जागा धरली. कौतुकाचा एक शब्द त्याच्या तोंडून कधी चुकूनही निघाला नव्हता.

"मी जाणार नाही," सेल्सोने घरी जाहीर केलं.

"नको जाऊस," त्याची बायको ओल्विदो शेंगा चिरत म्हणाली. "किक लाउदेलिनोलाच मारू दे. पोटाआडून चेंडू दिसला म्हणजे मिळवली."

सेल्सोला हसू आलं, पण टिकलं नाही. "त्या किकनंतर मी कोण गं?"

"तोच. घोरणारा." मग तिने सुरी खाली ठेवली. "तुला काढलंय हे गावभर झालंय. लपून बसलास तर लोकांना वाटेल, याला लाज वाटतेय. तुला कसली रे लाज?"

सेल्सोने लाउदेलिनोला निरोप धाडला. किक मारतो, पण नंतर शेवटच्या शिट्टीपर्यंत बाकावर मीच बसणार.

रविवारी कठड्याशी पाय ठेवायला जागा नव्हती. बरोबरी झाली तरी वाल्दोरिगा याच श्रेणीत टिकणार होतं, हरलं तर खाली. सेल्सो कोट घालून मैदानाच्या मध्यावर आला. लाउदेलिनोची नजर त्याच्या पायांकडे गेली. खिळ्यांचे बूट!

"हे काय?"

"चेंडूच मारायचाय ना?"

पंचाने शिट्टी दिली. सेल्सोने चेंडू मागे ढकलायचा होता. त्याने तो पुढे ढकलला, उजवीकडे, आणि लंगडत त्याच्यामागे रेघेकडे निघाला. लोक हसले, टाळ्या वाढल्या. पाहुण्यांचा डावा बचावपटू, ताडमाड पोरगा, अदबीने बाजूला झाला आणि तोही टाळ्या वाजवू लागला.

सेल्सो थांबला. "टाळ्या काय वाजवतोस? चेंडू काढ!"

"पण मिस्टर..." तिकडे खेळाडू प्रशिक्षकाला मिस्टरच म्हणतात.

"मिस्टर तिकडे बाकावर बसतो. इथे विंगर उभाय. ये!"

पोराने पंचाकडे पाहिलं. पंच आभाळ बघत होता. मग पोरगा आला, खरोखर आला, पाय पुढे टाकून. सेल्सोने डावा खांदा झुकवला. पोरगा तिकडे गेला आणि चेंडू इकडून, रेघेवरून निघाला. अर्धं पाऊल. तेवढंच हवं होतं. कोपऱ्यातल्या झेंड्याच्या अलीकडून सेल्सोने न बघता चेंडू गोलसमोर उंच टाकला. गोलरक्षकाने तो अलगद झेलला.

मग मैदान उसळलं. त्या गदारोळातही अवेलिनो ऐकू आला, "लंगड्या! इतकी वर्षं हे कुठे दडवलं होतंस रे?" म्हाताऱ्याचा आवाज फाटला होता.

सेल्सोने कोट झटकला आणि बाकावर जाऊन बसला. सामना एक-एक असा बरोबरीत सुटला. वाल्दोरिगाचा गोल आला तो नेलच्या पासवर, उजव्या रेघेवरून. नेल सेल्सोनेच घडवलेला विंगर. शेवटच्या शिट्टीनंतर सेल्सोने आपली शिट्टी गळ्यातून काढून लाउदेलिनोच्या हातात दिली.

सप्टेंबरात नवा हंगाम सुरू झाला. बाकावर ओविएदोचा पोरगा होता. सेल्सो मैदानावर आला खरा, पण उभं कुठे राहायचं तेच त्याला कळेना. कठड्याच्या बाहेरून त्याने आपल्या गावाचा सामना कधी पाहिलाच नव्हता.

अवेलिनोने आपली छत्री उचलून शेजारची जागा मोकळी केली. "ये. आणि तोंड शिवून उभा राहू नकोस. शिव्या द्यायला माणसं कमी पडतायत."

सेल्सो कठड्याला टेकला. पहिला अर्धा तास तो नुसता नेलचे पाय बघत राहिला. मग नेलने रेघ सोडून आत पळायची चूक केली आणि सेल्सो असा काही ओरडला की ओविएदोच्या पोरानेही वळून पाहिलं. अवेलिनो समाधानाने खाकरला.

मध्यंतराची शिट्टी झाली. अवेलिनोने काठी घेतली.

"चल. नेल आता पलीकडे."

आणि दोघं निघाले, एक काठी टेकत, एक खुबा सांभाळत, कठड्याला धरून सगळ्या मैदानाला वळसा घालायला.