वर्णन जुळल्याशिवाय वस्तू मिळणार नाही

बससेवेच्या हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयाची वेबसाइट तिच्या गळ्यात पडली, कारण पासवर्ड दुसऱ्या कुणाला आठवत नव्हता. तक्रार साधी होती. वस्तूंची यादी क्रमाने लागत नव्हती. छत्री शोधावी तर ती हातमोज्यांच्याही मागे कुठेतरी सापडायची आणि चष्मा सापडायचाच नाही. "अर्ध्या तासाचं काम," ती म्हणाली. अर्ध्या तासाची कामंच माणसाला पुरून उरतात, हे तिला अजून कळायचं होतं.

डेटाबेसमध्ये अक्षरं कशी साठवायची ते ठरवतं एन्कोडिंग, आणि कोणत्या क्रमाने लावायची ते ठरवतं कोलेशन. दोन्ही सेटिंगं शेजारी शेजारी राहतात आणि एकाला हात लावला की दुसरं बिनसतं, शेजाऱ्यांचं असतं तसंच. कोलेशनच्या यादीत दोनशेवर नावं होती. त्यातलं 'जनरल' असं लिहिलेलं एक तिला सालस वाटलं. तिने ते निवडलं, बटण दाबलं, आणि बाराशे वस्तूंच्या वर्णनातलं प्रत्येक अक्षर प्रश्नचिन्ह होऊन बसलं. ते सालस सेटिंग परक्या लिपीचं होतं. आपलं एकही अक्षर त्याच्या ओळखीचं नव्हतं. आकडे तेवढे ओळखीचे निघाले, म्हणून तारीख आणि बसचा नंबर शाबूत राहिले.

बॅकअप होता. पण कार्यालय काटकसरीने एकच बॅकअप ठेवायचं, आणि चूक लक्षात येईपर्यंत जुन्यावर नवा चढला होता. त्यात बाराशे ओळी प्रश्नचिन्हं अगदी नीट जपून ठेवलेली होती.

ती एवढंसं तोंड करून खिडकीवाल्या बाईंकडे गेली. वस्तू परत देण्याची खिडकी एकच आणि बावीस वर्षं तिथे बाईही त्याच.

"प्रत्येक वस्तूचं सीलबंद पोतं आहेच, ती पोती उघडून बघू आणि नवी वर्णनं टाइप करू," ती म्हणाली. "आठवड्याभरात होईल."

"एकदा चढवलेलं वर्णन बदलता येत नाही," बाई म्हणाल्या. "माझ्याआधी इथे जे होते ते मेहुण्याच्या सोयीने वर्णनं बदलायचे. तेव्हापासून नियम आहे. आणि वर्णन जुळल्याशिवाय पोत्याचं सील तोडायचं नाही."

"अहो, पण वर्णनाच्या जागी प्रश्नचिन्हं आहेत!"

"असू देत की. आपण कुठे कुणाला अडवतोय? ज्याचं जुळेल त्याला मिळेल."

आणि जुळायला लागलं, हीच तर कमाल. दुसऱ्याच दिवशी एक गृहस्थ डोकं खाजवत आले. "सोमवारी बसमध्ये काहीतरी राहिलं हो. काय ते काही केल्या आठवत नाही." बाईंनी पडद्यावरच्या प्रश्नचिन्हांकडे पाहिलं, गृहस्थांकडे पाहिलं आणि शिक्का मारला. पोत्यातून भिंतीवरचं घड्याळ निघालं. ते आपलं आहे का, हेही त्यांना आठवेना, पण खूश होऊन घेऊन गेले. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या शिक्षिकेने आपल्या छत्रीचा रंग, दांडी आणि वाकलेली तिसरी काडी असं सगळं बिनचूक सांगितलं आणि ती हात हलवत परत गेली. आठवड्यात गावभर झालं. विसरभोळे लोक दोन्ही हातांनी सामान नेऊ लागले आणि चांगल्या स्मरणशक्तीची माणसं फाटकाबाहेर बोटं मोडत उभी राहिली. साहेबांनी अहवालात लिहिलं की वस्तू परत जाण्याचं प्रमाण दुप्पट झालं आहे, आणि नव्या सेटिंगबद्दल तिचं कौतुकही केलं.

तिलाही हसू आलं असतं. पण त्या बाराशेत एक पोतं तिच्या आईचं होतं.

आई जाऊन आठ महिने झाले होते. गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला बाबा आईची पर्स घेऊन निघाले, तिचा तुटलेला पट्टा शिवून आणायला, आणि चौदा नंबरच्या बसमध्ये सीटवरच विसरले. त्या दिवशी ते दारातच उभे राहिले, घरात येईनात. यादीत त्यांची ओळ होती: 9, मग 14, मग प्रश्नचिन्हंच प्रश्नचिन्हं. महिना उलटलेली पोती शुक्रवारी भट्टीत जाणार होती, त्यात हेही होतं. आईची पर्स आपल्या एका बटणामुळे जळणार होती.

बाबांची सगळी नोकरी दुकानांचे वजनकाटे तपासण्यात गेलेली. त्यांच्या घरात 'अंदाजे' म्हणणं म्हणजे शिवी देण्यासारखं होतं. मंगळवारी ते खिडकीशी ताठ उभे राहिले. "तपकिरी चामडं, रुंदी एकतीस सेंटिमीटर, उंची बावीस, डाव्या कोपऱ्यात शाईचा डाग, वाटाण्याएवढा."

"जुळत नाही," बाई म्हणाल्या.

घरी तिने त्यांची तालीम घेतली. "बाबा, नुसतं 'माहीत नाही' म्हणायचं."

"पण मला माहीत आहे."

"असू दे. म्हणायचं तेवढं."

"म्हणजे खोटं बोलायचं?"

"बाबा, दोन शब्द आहेत हो!"

बुधवारी ते दोन शब्द त्यांनी औषध गिळावं तसे म्हटले. "मला माहीत नाही." बाईंचा हात शिक्क्याकडे गेला. "म्हणजे," बाबा घाईने म्हणाले, "चेन पितळेची आहे आणि तिचा चौथा दात तुटलाय, एवढं सोडून." हात परत आला.

"एवढं माहीत असलेल्या माणसाचं मी जुळवायचं कसं, तुम्हीच सांगा," बाई म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

गुरुवारी ती एकटीच गेली आणि हातापाया पडली. "चूक माझी आहे. शिक्षा त्यांना कशाला?"

"तुमची चूक आहे म्हणूनच. तुमच्या वडिलांना सोडलं तर लोक म्हणतील, मेहुण्याचे दिवस परत आले." ती घरी येऊन रडली. बाईंवर चिडली, नियमावर चिडली आणि सगळ्यात जास्त बाबांवर चिडली, कारण त्यांना दोन शब्द धड खोटे बोलता येत नव्हते.

शुक्रवारी भट्टीची गाडी फाटकात उभी होती आणि हमाल पोती भरत होते. बाबा खिडकीशी गेले. "तपकिरी चामडं," त्यांनी सुरुवात केली. ती मागे डोळे मिटून उभी राहिली.

"थांबा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फॉर्म उलटा केला. "तुम्ही सारखं बाहेरचंच सांगताय. मागच्या बाजूलाही एक रकाना आहे, तिथवर आपण कधी पोचलोच नाही. आत काय आहे?"

बाबा उलट्या फॉर्मकडे वाकले.

"आत?"

"हो. आत काय काय आहे?"

"मला... चाळीस वर्षं ती दुकानात शिरताना माझ्या हातात द्यायची. धर म्हणायची. मी धरून उभा राहायचो." त्यांनी मागे वळून मुलीकडे पाहिलं, तिला तरी ठाऊक असेल म्हणून. तिने मान हलवली. "कधी उघडली नाही हो. ती गेल्यावरही नाही. आणि तिला विचारलंही नाही कधी."

"काहीच अंदाज नाही?"

"नाही," बाबा म्हणाले. "मला माहीत नाही."

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. मग पदराने नाक पुसलं आणि शिक्का मारला. "जुळलं," त्या म्हणाल्या आणि हमालाला हाक मारायला उठल्या.

बस थांब्याच्या बाकावर दोघं बसले. पर्स बाबांच्या मांडीवर होती, चेन लावलेली.

"उघडा ना, बाबा."

"उघडू," ते म्हणाले, पण हात हलला नाही. ते तिच्या खांद्यावरच्या पिशवीकडे बघत होते. "तुझ्या पिशवीत काय असतं गं?"

तिला वाटलं, थट्टा करतायत. पण ते खरंच विचारत होते. तिने पिशवी बाकावर ठेवली आणि एकेक वस्तू बाहेर काढू लागली. ते प्रत्येक वस्तू हातात घेऊन हे कशाला लागतं म्हणून विचारत राहिले आणि ती सांगत राहिली.