खुर्चीच्या पोटात

ताईने ओरडणं बंद केलं, तेव्हाच वादळने ओळखलं की आता आपलं काही खरं नाही.

वादळ हे त्याचं टोपणनाव, तेही ताईनेच ठेवलेलं. दोघं भावंडं मिळून जुने सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवून द्यायची. ताई कापड बेतायची. तो स्प्रिंगा बांधायचा, फोम भरायचा आणि शेवटी दाभणाने खुर्चीची पाठ शिवून बंद करायचा. या शेवटच्या टाक्यांवर त्याचा भारी जीव. इतके सारखे टाके ताईलाही जमायचे नाहीत. बाकी मात्र सगळा आनंदीआनंद. एका खुर्चीचा पाय चिकटवता चिकटवता तो दुसरीची पाठ उसवायला घ्यायचा, मध्येच तिसरीच्या गिऱ्हाइकाशी गप्पा मारत पार रस्त्यापर्यंत जायचा आणि गोंदाचा डबा इकडे उघडाच. मग ताईचा आवाज दुकानभर घुमायचा, "वादळा, डोकं काय घरी काढून ठेवून आलायस?"

एकदा तर गिऱ्हाइकाचा टीव्हीचा रिमोटच त्याने सोफ्यात शिवून टाकला. ते बिचारं कुटुंब आठवडाभर एकाच चॅनलवर अडकून पडलं.

तेव्हा बायकोने त्याला धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, लक्ष एका जागी टिकत नाही, याला एडीएचडी म्हणतात. हा आळस नाही, बेफिकिरीही नाही, तुमच्या मेंदूची घडणच अशी आहे. ते ऐकून वादळ तिथेच ढसाढसा रडला. चाळिशी उलटेपर्यंत त्याला हे कोणीच सांगितलं नव्हतं. गोळ्या सुरू झाल्या आणि गोंदाच्या डब्याला झाकण लागू लागलं. इथवर सगळं छान चाललं होतं.

पण हा एडीएचडी घरात आला तो हातपाय पसरूनच बसला. वादळने जांभई दिली, एडीएचडी. चहा सांडला, एडीएचडी. बायकोसाठी फुलं आणली, तर ती कौतुकाने म्हणाली, "गोळी लागू पडलेली दिसते." तोही काही कमी नव्हता. भांडी घासायची वेळ आली की डॉक्टरांचं नाव पुढे करायचा.

ताईने मात्र कहर केला. ती त्याला शाळेच्या दाखल्यावरच्या नावाने हाक मारू लागली, तीही हळू आवाजात. काही बिघडलं की म्हणायची, "राहू दे रे, तुझा दोष नाही." आणि एके दिवशी दाभणाची डबी तिने आपल्याकडे ओढली. "तू दमू नकोस. पाठ मी बंद करत जाईन."

वादळला फार वाईट वाटलं. ओरडणारी ताई त्याला आपल्या बरोबरीचा समजायची. ही गोड बोलणारी बाई त्याला नुसती सांभाळत होती. त्याला ते टाके परत हवे होते आणि ताईही परत हवी होती. पण इतक्या प्रेमाने वागणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

अशातच दातांच्या डॉक्टरीणबाई आपली खुर्ची घेऊन दुकानात आल्या. बाहेर पेशंट बसतात ती खुर्ची, नुकतीच मढवून नेलेली.

"पाठीला काहीतरी टोचतंय," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे येणारा माणूस आधीच घाबरलेला असतो हो. बाहेरची खुर्चीही टोचायला लागली तर तो पळूनच जाईल."

"माझंच काम असणार ते," वादळ लगेच म्हणाला. "मला एडीएचडी आहे ना."

"त्याचा दोष नाही," ताई बाईंना समजावू लागली. "तुम्ही मनावर घेऊ नका."

पाठ उसवत असताना वादळ मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होता. पट्टी असेल, हातोडी असेल, आपला काय नेम? त्याने फोममागे कोपरापर्यंत हात घातला आणि जे लागलं ते बाहेर ओढलं.

ते ताईच्या चष्म्याचं घर होतं.

ते कधीचं सापडत नव्हतं. वादळनेच कुठेतरी टाकलं असं धरून ताईने अवाक्षरही न काढता नवं विकत आणलं होतं, आणि मनातल्या मनात त्याला माफही करून टाकलं होतं. या खुर्चीची पाठ मात्र शिवली होती तिनेच.

मग वादळने आवाज अगदी मऊ केला. "राहू दे ताई. तुझा दोष नाही."

"शहाणपणा करू नकोस," ताई कडाडली. "चूक झाली माझी. माणसाकडून चूक होते."

"मग माझ्याकडूनही होऊ दे की कधीतरी. प्रत्येक वेळी मेंदूलाच कशाला मध्ये घेतेस?"

ताई खाली बसली. तिचे डोळे भरून आले. "इतकी वर्षं मी तुझ्यावर ओरडत राहिले. तुला जमतच नव्हतं, ते मला ठाऊकही नव्हतं. आता ओरडायला तोंडच उघडत नाही रे."

"जे जमत नाही त्यावर ओरडू नकोस. तेवढी सवलत दे, मला ती हवीय," तो म्हणाला. "पण बाकीचा मी शिल्लक आहे ना? त्याच्यावर ओरड. नाहीतर दुकानात करमत नाही मला."

ताईने डोळे पुसले आणि दाभणाची डबी त्याच्यापुढे सरकवली. त्याने सावकाश, एकसारखे टाके घातले. डॉक्टरीणबाई बसून बघत राहिल्या.

शेवटची गाठ मारायच्या आधी मागून आवाज आला, पूर्वीसारखाच दुकानभर घुमणारा.

"वादळा, आत काही राहिलं नाही ना?"

"माझं नाही," तो खुशीत म्हणाला. "तुझं बघ."

आणि ताईने गुपचूप आपला खिसा चाचपून पाहिला.